पलटण सुटल्यावर : माजी सैनिकाच्या दुसऱ्या नोकरीची दोनशे वर्षे



आपण आखातातली मंडळी एकत्र जमलो की नोकरीच्या गोष्टी हमखास निघतात. व्हिसा, करार, ग्रॅच्युइटी, कुणाची कंपनी बदलली, कुणाला घरभाडे वाढवून मिळाले. या बोलण्यात एक माणूस मात्र क्वचितच येतो. तो आपल्या इमारतीच्या दाराशी, गोदामाच्या फाटकावर किंवा मॉलच्या गाड्यांच्या तळावर उभा असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी नाहीतर बेळगावकडचा असतो. आपले मराठी कानावर पडले की हळूच विचारतो, "साहेब, गाव कुठलं?" दोन वाक्यांनंतर कळते की हा गडी पंधरा-सतरा वर्षे पलटणीत काढून आलेला आहे.

भारतीय सैन्यात शिपाई म्हणून भरती झालेला माणूस साधारण ३५ ते ४० या वयात पेन्शनीत निघतो. मुले शाळेत असतात, घराचे काम अर्धे झालेले असते, आई-वडील थकलेले असतात. असे सुमारे ६० हजार लोक दरवर्षी तिन्ही दलांतून बाहेर पडतात. सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत. केंद्राच्या गट 'क' मध्ये १० टक्के, गट 'ड' मध्ये २० टक्के, तर महाराष्ट्र शासनाच्या या दोन गटांत १५ टक्के. पण सरकारी जागाच कमी होत चालल्या, तेव्हा बहुतेकांना खाजगी नोकरीकडेच वळावे लागते. तिथे राखीव असे काही नाही आणि बहुतेकांच्या वाट्याला फाटकच येते. हे असे का झाले, याची हकीकत जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपण राहतो त्या किनाऱ्याशीही जोडलेला आहे.

आपल्याला वाटते की मराठी माणूस आखातात आला तो तेलानंतर. तसे नाही. डिसेंबर १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या फौजेने रास अल खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये या किनाऱ्यावरच्या शेखांशी इंग्रजांचा तह झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, आणि त्या काळी या पलटणींची भरती मोठ्या प्रमाणावर कोकणातून आणि देशावरून होत असे. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, ऑक्टोबर १९१४ मध्ये, मुंबईहून निघालेली ब्रिगेड बहारीनला येऊन थांबली आणि नोव्हेंबरात फाव येथे उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. नंतर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावे लागले. उपासमारीने आधीच खंगलेल्या त्या कैद्यांतले कितीतरी घरी परतले नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. त्या गावाला आजही लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

जे पडले त्यांच्या नावाचे शिलालेख झाले. जे परतले त्यांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत फारसा विचारलेला दिसत नाही. आपण तो विचारू या.

एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या पेन्शनर शिपायांचे मोठे ठिकाण म्हणजे दापोली. तिथे इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेन्शनर सुभेदार, जमादार, हवालदार तिथे घरे करून राहिले. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीलाच स्थायिक झाले. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर मुलाबाळांना घेऊन प्रथम दापोलीलाच आले. रामजींची नोकरी साधी नव्हती. पलटणीच्या शाळेत ते शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना ओलांडता येत नव्हता, त्यांना अक्षरओळख झाली ती पलटणीत.

रामजींची दुसरी नोकरी काय होती, हे त्यांच्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. दापोलीहून कुटुंब साताऱ्याला गेले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात सरकार तलाव बांधत होते, त्या कामावर रामजी खजिनदार होते. मजुरांच्या पगाराचा हिशेब त्यांच्या हाती होता. ही गोष्ट १९०१ च्या सुमाराची. या नेमणुकीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. इथे माजी सैनिकाला बंदूक घेऊन दारात उभे केले नाही. त्याला जे येत होते, म्हणजे लिहिणे, हिशेब आणि सचोटी, त्या कामावर घेतले. नोकरी सरकारी होती हे खरे. पण माणसाच्या हातातली विद्या पाहून काम देणे म्हणजे काय, याचा हा चांगला दाखला आहे.

त्याच काळात दुसरीकडे दार बंद होत होते. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महारांची सैन्यभरती थांबली. वलंगकरांनी १८९४ मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला सभा भरवून सरकारकडे दाद मागितली आणि १९१० मध्ये पुन्हा मागितली. या अर्जांमागे मानाचा प्रश्न होता, तसा पोटाचाही होता. पलटण म्हणजे पगार, शाळा, पेन्शन, आणि त्या जोरावर मिळणारी दुसरी नोकरी. एक दार बंद झाले की पुढची सगळीच बंद होत. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला, दुसरे युद्ध पेटल्यावर.

पहिल्या युद्धानंतर सुटलेल्या शिपायांसाठी सरकारने १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' काढले. आजची केंद्रीय सैनिक बोर्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये ही त्याच वंशातली. पण खाजगी नोकरीत या बोर्डाचा शब्द फार चालण्यासारखा नव्हता. त्या काळी मराठी माणसाला खाजगी नोकरी म्हणजे मुंबईची गिरणी, आणि गिरणीत माणूस लागायचा तो जॉबरच्या हाताने. गावकी, भावकी, खोलीवरची ओळख, जॉबरचा हात ओला करणे, हीच तिथली शिफारसपत्रे. डिस्चार्जच्या कागदावर 'वर्तणूक उत्तम' असे लिहिलेले असले तरी जॉबरला त्याचे काय! ज्याच्या ओळखीचा जॉबर तो साच्यावर गेला. ज्याची ओळख नाही तो गिरणीच्या फाटकाबाहेर राहिला, किंवा फार तर फाटकावर पहाऱ्याला लागला.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा प्रश्न फार मोठा होता. हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांपर्यंत वाढले होते. त्यात नुसते बंदूकवाले नव्हते. ड्रायव्हर, फिटर, वायरमन, वायरलेसवाले, कारकून, भांडारवाले, रुग्णसेवक असे कितीतरी कारागीर युद्धाने तयार केले होते. त्यांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन आणि रोजगार यांचे महासंचालनालय स्थापन केले आणि त्याच्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस उघडली. आपल्यापैकी पन्नाशी-साठी उलटलेल्या बहुतेकांनी दहावी-बारावीनंतर ज्या कचेरीत नाव नोंदवून कार्ड घेतले, ती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज जन्मली ती सैन्यातून सुटलेल्यांसाठी आणि युद्धकामावरून कमी केलेल्या कामगारांसाठी. सगळ्यांना ती खुली झाली १९४८ मध्ये. आणि १९४५ मध्ये व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री कोण होते? १९४२ ते १९४६ ते खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. पेन्शनर सुभेदाराच्या मुलाच्या खात्यातून लाखो सुटलेल्या शिपायांच्या दुसऱ्या नोकरीची ही व्यवस्था उभी राहिली.

या कचेरीचे खरे काम काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. शिपायाचा फौजी हुद्दा आणि फौजी काम यांचे बाजारातल्या कामात भाषांतर करायचे. पलटणीतला 'ड्रायव्हर एम.टी.' म्हणजे जड वाहनाचा चालक, हवालदार क्लार्क म्हणजे कचेरी सांभाळणारा, क्वार्टरमास्टरचा माणूस म्हणजे भांडारपाल. असे भाषांतर करणारा कुणी मध्ये असला की मालकालाही माणूस मिळतो आणि माणसालाही जागा मिळते. नसला, तर मालकाला दिसतो तो फक्त ताठ उभा राहणारा, मिशीवाला, हुकूम मानणारा गडी. मग तो त्याला फाटकावर उभा करतो.

पुढे हेच झाले. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी कारखान्यांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक केले. पण तिथूनच माणूस घ्यावा, असे बंधन नव्हते. जागा कळवायची आणि माणूस आपल्या ओळखीतलाच घ्यायचा, अशी रीत पडली. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य वाढले, १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, आणि त्या भरतीतले जवान पुढे पेन्शनीत निघू लागले. त्याच सुमारास खाजगी सुरक्षा एजन्सीचा धंदा देशात वाढीला लागला. १९७४ मध्ये पाटण्यात रवींद्र किशोर सिन्हा यांनी माजी सैनिकांना काम मिळावे म्हणून सुरू केलेली एस.आय.एस. ही एजन्सी पुढे देशातल्या मोठ्या कंपन्यांत गणली गेली. हजारो माजी सैनिकांची चूल अशा एजन्सींमुळे पेटली, हे उपकार नाकारता येणार नाहीत. पण त्याबरोबर एक समजूतही पक्की झाली : माजी सैनिक म्हणजे सिक्युरिटी.

मुंबईत त्यात आणखी भर पडली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यात नोकऱ्या गमावलेले कितीतरी कामगार वॉचमनकी करू लागले. एका फाटकासाठी पेन्शनर जवान आणि बेकार गिरणी कामगार असे दोघे उभे राहिले, तर पगार कोणाच्या मर्जीने ठरणार, हे सांगायला नको. सुरक्षा रक्षकांची पिळवणूक थांबावी म्हणून महाराष्ट्राने १९८१ मध्येच कायदा करून त्यांच्यासाठी मंडळाची सोय केली होती, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. २००२ मध्ये राज्याने माजी सैनिकांसाठी 'मेस्को' हे महामंडळ पुण्यात काढले. २००५ चा केंद्राचा खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा सांगतो, की रक्षक नेमताना माजी सैनिकाला प्राधान्य देता येईल. 'देता येईल', 'द्यावेच' असे नाही. आणि हे सगळे कायदे, सगळी महामंडळे पुन्हा येऊन थांबतात ती प्रामुख्याने फाटकापाशीच.

आता आपल्या या देशाकडे येऊ. इथे पहाऱ्याचे काम कुणीही उठून करू शकत नाही. खाजगी सुरक्षा कंपन्यांवर २००६ पासून संघराज्याचा कायदा आहे. दुबईत २०१६ च्या कायद्याने 'सिरा' ही स्वतंत्र संस्था झाली. प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय रक्षकाला परवाना मिळत नाही. माजी सैनिकाला या परीक्षेचे भय नसते, म्हणून एजंट गावागावांतून त्यांनाच हेरतात. आणि भरती करताना एक वाक्य हमखास ऐकवतात : "तुम्हाला पेन्शन आहेच की, मग पगार थोडा कमी चालेल." पेन्शन हा मागच्या नोकरीचा मोबदला आहे. त्याचा पुढच्या पगाराशी काही संबंध नाही. पण हे वाक्य ऐकून मान खाली घालणारे कितीतरी हवालदार इथे आहेत. दुसरे वाक्य तिकिटाचे आणि व्हिसाच्या पैशांचे. इथल्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. हे गावी निघण्यापूर्वीच कळले, तर ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे पैसे एजंटाच्या खिशात जाणार नाहीत.

याच देशाने आपल्या तरुणांसाठी २०१४ मध्ये सक्तीची राष्ट्रीय सेवा सुरू केली. सेवेच्या काळात त्या तरुणाची नोकरी राखून ठेवण्याची जबाबदारी तेव्हा मालकावर टाकली. म्हणजे सैन्य आणि खाजगी नोकरी यांची सांगड कायद्याने घालता येते, हे आपण डोळ्यांसमोर पाहत आहोत.

मालकांच्या बाजूनेही काही बोलायला हवे. आपल्यातले काही जण कंपन्यांत माणसे नेमतात, त्यांची तक्रार असते की माजी सैनिक हुकमाची वाट पाहतो, स्वतःहून पुढे होत नाही, आणि हुद्द्याचा मान अपेक्षितो. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पंधरा वर्षे ज्याला 'मी' म्हणण्याची सवय नव्हती, 'आमची पलटण' म्हणण्याचीच होती, त्याला मुलाखतीत स्वतःचे कौतुक कसे जमणार? अर्जात तो एका ओळीत लिहितो, 'सैन्यात १७ वर्षे सेवा.' त्या एका ओळीत काय काय दडलेले असते, ते त्याला सांगता येत नाही आणि आपल्याला वाचता येत नाही. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसे. ती सांभाळणाऱ्या हवालदाराने त्यांची हजेरी, हत्यारे, रजा, भांडणे, आजारपण सगळे पाहिलेले असते. इथे त्याच कामाला सुपरवायझर म्हणतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेल्याने पूल बांधलेले असतात, यंत्रे चालवलेली असतात. सिग्नल्समधल्याने डोंगरावर तारा ओढून बोलणे जोडलेले असते. ई.एम.ई. मधला इंजिन डोळे मिटून उघडतो. अशी माणसे आपल्याकडे पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडत असतील, तर नुकसान त्यांचे आहे तसे कंपन्यांचेही आहे.

कागदांची अडचणही खरी आहे. दहावी होऊन १५ वर्षे सेवा केलेल्याला सैन्याकडून पदवीच्या तोडीचे म्हणून प्रमाणपत्र मिळते, पण त्याचा उपयोग सरकारी नोकरीपुरता. इथे विद्यापीठाची पदवी आणि तिच्यावरचे साक्षांकन लागते. तेव्हा ज्यांचे भाऊ, पुतणे, भाचे अजून पलटणीत आहेत, त्यांनी त्यांना सुटण्याच्या दोन वर्षे आधीच सांगावे, की जड वाहनाचा परवाना, अग्निशमनाचा किंवा सुरक्षिततेचा कोर्स, तांत्रिक ट्रेडचे प्रमाणपत्र आणि मुक्त विद्यापीठाची पदवी यांतले जे जमेल ते हातात घेऊनच बाहेर या. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स सेवेतच असताना करता येतात. डिस्चार्ज बुकात आपल्या ट्रेडची आणि कोर्सची नोंद नीट आहे ना, हे सुटण्यापूर्वी पाहावे. नंतर रेकॉर्ड ऑफिसला पत्रे लिहीत बसण्यात वर्ष जाते.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर २५ टक्के कायम होणार, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडणार. त्यांना पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. योजना जाहीर झाली तेव्हा आनंद महिंद्रांसारख्या उद्योगपतींनी या मुलांचे स्वागत करू, असे जाहीर केले. ते शब्द खरे होवोत. पण १९१९, १९४५, १९५९ चा अनुभव सांगतो, की वरून दिलेला शब्द खालच्या जॉबरपर्यंत पोचत नाही. आणि आजचे जॉबर कोण? अर्जांचा गठ्ठा चाळणारे, नावापुढे टिचकी मारणारे, "आमच्याकडे एक जागा आहे" असे सांगणारे आपणच.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवावी. तिच्यात इथल्या माजी सैनिकांनी आणि सुटून येऊ पाहणाऱ्यांनी नाव, पलटण, ट्रेड आणि सेवेची वर्षे लिहावीत. आपल्यातल्या कचेरीत काम करणाऱ्या दोघा-तिघांनी महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी बसून त्यांचे अर्ज नीट लिहून द्यावेत. सैन्यातल्या कामाचे इथल्या कामाच्या नावांत भाषांतर करावे. ज्यांच्या कंपनीत भांडारपाल, फोरमन, वाहतूक किंवा सुरक्षा अधिकाऱ्याची जागा निघेल, त्यांनी ती वहीत लिहावी. यात पैसा लागत नाही. उपकाराची भाषाही नको, कारण हा उपकार नाही. जागेला माणूस आणि माणसाला जागा, एवढेच.

ज्यांना या कामात बसायची इच्छा आहे त्यांनी पुढच्या सभेपूर्वी चिटणीसांना कळवावे. आणि तोवर, आपल्या इमारतीच्या दाराशी जो उभा आहे त्याला गाव विचारले असेल, तर आता पलटण आणि ट्रेडही विचारावा.